डबी झोपलेली असते: उसाच्या रानातला सेन्सर संच, चौदा महिन्यांनंतर

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका छोट्या दुकानातून मातीतला ओलावा मोजणाऱ्या पाच डब्या, त्यांचे निरोप गोळा करून पुढं पाठवणारी एक पेटी म्हणजे गेटवे, आणि बसवणी असं सगळं मिळून मी ५८,५०० रुपयांना घेतलं. गेल्या वर्षी ऑगस्टात पहिली डबी रानात रोवली, आता ऑक्टोबर चालू आहे. लागण आडसाली, त्यामुळं ऊस अजून उभाच आहे आणि एकरी टनेज किती पडलं हे इथं मिळणार नाही. मला लिहायचंय ते फोनबद्दल. रानातली डबी आणि हातातला फोन यांची गाठ कशी पडते, कुठं तुटते आणि तुटल्यावर दुकानदार काय करतो, यावरच अशा संचाची किंमत ठरते असं माझं मत झालंय. विकणारे आधी आलेख दाखवतात. आलेख कुणीही काढून देतं.

मी एकतीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर हळदीच्या पुढं भोगावतीकाठचं सव्वातीन एकर रान मीच बघते. वरचं दोन एकर काळं, खालचं सव्वा एकर मळीचं, म्हणजे नदीच्या गाळाचं. तिथं पुराचं पाणी अधूनमधून येऊन जातं. ठिबक चार वर्षांपूर्वी केलं. पण ठिबक केलं म्हणजे पाणी मोजून दिलं असं होत नाही. लाईट आली की मोटर चालू, गेली की बंद, हेच आमच्याकडचं पाण्याचं वेळापत्रक. वाफसा आहे की नाही हे मुठीत माती दाबून बघायचं, तीही बांधाजवळची. ऊस डोक्याच्या वर गेला की मधल्या सऱ्यांत काय चाललंय ते बघायला कोण आत शिरतो?

याआधी ऑनलाइन मागवलेली एक ब्लूटूथची सुई वापरून झाली होती. ती फोनला थेट जोडली जाते, मध्ये काही लागत नाही, किंमतही कमी. पण तिचा आकडा घ्यायला दहा-पंधरा पावलांवर जाऊन उभं राहावं लागतं. पात्यांनी हात कापून घेत, फोन डोक्यावर धरून चौदाव्या सरीत जायचं आणि आकडा बघून परत यायचं. इतकं आत गेल्यावर माती हातानंच बघून होते. परसबागेला किंवा गच्चीवरच्या कुंड्यांना ती सुई चांगली, उसाला नाही.

उद्यमनगरातलं दुकान मला एका जुन्या विद्यार्थ्यानं दाखवलं. खाली मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप, पत्र्याच्या जिन्यानं वर गेलं की दोन भावांचं हे काम. फौंड्रीवाल्यांच्या भट्टीचं तापमान फोनवर दाखवणं हा त्यांचा मुख्य धंदा. शेतीचं गिऱ्हाईक मी तिसरी. थोरला हिशोब बघतो, धाकटा डिप्लोमा झालेला, हातात सतत सोल्डरिंगची गन. मी शिक्षिका होते हे कळल्यावर तो मला बाई म्हणायला लागला आणि मी त्याला अरे-तुरे.

शिकवण्याच्या सवयीनं इथं एक गोष्ट सांगते, कारण दुकानांत ती कुणी सांगत नाही. आपल्या फोनमध्ये बोलणारे रेडिओ चार: टॉवरशी बोलणारा, वायफायचा, ब्लूटूथचा आणि टेकवून पैसे देताना वापरतात तो एनएफसीचा. एका सेलवर वर्षानुवर्षं चालणाऱ्या सेन्सरांचे रेडिओ बहुतेक वेळा यांपैकी नसतात. त्यांच्यासाठी २००३ साली ८०२.१५.४ नावाचं एक मानक आलं. झिगबी त्याच्यावरच उभं आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्याचा वेग सेकंदाला अडीच लाख बिट, आणि एका खेपेला जास्तीत जास्त १२७ बाइटांचं पाकीट. आता इंटरनेटची आयपीव्ही६ पद्धत म्हणते की वाटेतल्या प्रत्येक दुव्यानं निदान १२८० बाइटांचं पाकीट न्यायलाच हवं. म्हणजे माल पोत्यात आणि न्यायला हातपिशवी. २००७ साली त्यावर सिक्सलोपॅन नावाचा तोडगा निघाला: पोतं फोडून पिशव्यांत भरायचं, वरचा लांबलचक पत्ता आखडून लिहायचा, पलीकडं पुन्हा पोतं शिवायचं. हे फोडणं-शिवणं जो करतो तो गेटवे. फोन गेटवेशी बोलतो, गेटवे डबीशी. आयफोन १५ प्रोमध्ये २०२३ साली त्याच जातीचा थ्रेडचा रेडिओ आला, पण तो घरातल्या दिव्यांसाठी आणि कुलपांसाठी. उसाच्या रानात मधला माणूस लागतोच.

तर पहिला संच याच २.४ गिगाहर्ट्झच्या जातीचा होता. पाच डब्या साठ-साठ मीटरवर, प्रत्येक डबी शेजारणीचा निरोप पुढं ढकलणार, आणि गेटवे मोटरच्या खोलीत. धाकट्यानं मोठ्या हौसेनं प्रत्येक डबीला स्वतःचा आयपीव्ही६ पत्ता दिला होता. फोनवर तो पत्ता टाकला की थेट त्या डबीचं पान उघडायचं. गेटवेचा वायफाय आणि डब्या एकाच पट्ट्यात असल्यामुळं सुरुवातीला निरोप गळायचे. मग त्यानं वायफाय खालच्या चॅनेलवर आणि डब्या अगदी टोकाच्या २६ नंबरच्या चॅनेलवर नेऊन ठेवल्या. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर हे तीन महिने सुरेख गेले. आमच्याकडं कामाला असलेले मामा मला विचारायचे, "बाई, आज काय बोलतंय रान?" आणि मी चहा घेताघेता पाचही जागांचा ओलावा सांगायचे.

भरणी झाली, म्हणजे उसाच्या बुडाला माती चढवून झाली, ऊस वाढायला लागला आणि एकेक डबी मुकी होत गेली. आधी चार नंबरची, मग दोन. डिसेंबर संपता संपता पाचांपैकी एकच बोलत होती, मोटरच्या खोलीजवळची. कारण शाळेत शिकवलेलंच होतं, पण आधी लक्षात आलं नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात जिरतात, मायक्रोवेव्हमध्ये भात गरम होतो तो त्याच पट्ट्यातल्या लहरींनी. आणि वाढलेला ऊस म्हणजे उभं पाणीच. लागण करताना मोकळ्या रानात केलेली चाचणी उसाच्या रानाला लागू पडत नाही. कुणी तुम्हाला मोकळ्या माळावर पाचशे मीटरची रेंज दाखवली तर त्याला सांगा, भरणीनंतर येऊन दाखव.

दुकानाबद्दल माझी खरी तक्रार इथली आहे. मी डिसेंबरात फोन केला, पहिल्यांदा "सेल बघा" म्हणाले, दुसऱ्यांदा "फोन रीस्टार्ट करा". धाकटा प्रत्यक्ष रानात यायला पाच आठवडे लागले, कारण फौंड्रीची कामं आधी. थंडीतलं पाणी कमी लागतं म्हणून निभावलं, उन्हाळ्यात हेच झालं असतं तर मी संच परत नेऊन टाकला असता. पण आल्यावर मात्र त्यानं टाळाटाळ केली नाही. ओटीजी केबलनं, म्हणजे फोनला बाहेरचं यंत्र जोडायच्या वायरनं, फोनला एक लहानसा रेडिओ लावला आणि सरीसरीतनं फिरला. फोनच्या स्क्रीनवर सिग्नलचा आकडा दिसत होता. दहा पावलं उसात आत गेलं की आकडा कसा कोसळतो ते मला त्यानं दाखवलं. बांधावर बसून म्हणाला, "बाई, हितं हे चालणार नाही. चूक आमची हाय. लोरा लावूया." सगळ्या डब्या परत घेतल्या आणि फरकाचे ७,५०० रुपये लावले. वर दिलेल्या किमतीत ते धरलेत. फरक घेणं मला पटलं. पाच आठवडे घालवणं नाही.

लोरा ही लांब पल्ल्याची रेडिओ पद्धत, आपल्याकडं ती ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. आपल्या देशात ८६५ ते ८६८ हा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. लहरींची लांबी साडेबारा सेंटिमीटरांऐवजी पस्तीसच्या आसपास, त्यामुळं पानांतनं, ओल्या रानातनं ती बरीच निभावून येते. बदल्यात वेग फार कमी. अगदी लांबच्या पल्ल्याला लावली तर सेकंदाला तीनशे बिटसुद्धा नाहीत. फोटो पाठवायला निरुपयोगी, पण वीस आणि चाळीस सेंटिमीटर खोलीवरच्या ओलाव्याचे दोन आकडे, मातीचं तापमान आणि सेलचं व्होल्टेज एवढ्याला बारा बाइट पुरतात. यात डब्या एकमेकींवर अवलंबून नाहीत, प्रत्येकीचं बोलणं सरळ गेटवेशी. गेटवे आता सहाशे मीटरवरच्या आमच्या घराच्या स्लॅबवर आहे. जानेवारीपासून आजपर्यंत उसामुळं एकही डबी मुकी झालेली नाही. त्या बाबतीत मी पूर्ण समाधानी आहे.

आता फोन. सुरुवातीला मांडणी अशी होती: गेटवेत सिमकार्ड, तो आकडे दुकानाच्या सर्व्हरवर पाठवणार, माझा फोन तिथनं उचलणार. म्हणजे सहाशे मीटरवरच्या रानातला आकडा माझ्या हातात यायला कुठल्या तरी लांबच्या शहरातून फिरून यायचा. पुण्यातल्या मुलाला हे सोयीचं. तो ऑफिसातनं आकडे बघतो आणि रात्री फोन करतो, "आई, तीन नंबरला पाणी जास्त होतंय." पण मे महिन्यातल्या एका वळवानं आमच्या गावचा टॉवर दीड दिवस बंद पडला. डब्या बोलत होत्या, माझ्या डोक्यावरच्या गेटवेचा हिरवा दिवा लुकलुकत होता, आणि फोनवर नुसतं गोल फिरणारं चक्र. त्या दिवशी मी उद्यमनगरात जाऊन बसले. म्हटलं, घरातल्या घरात मला माझ्या रानाचा आकडा दिसत नसेल तर हे यंत्र माझं नाही, तुमचं आहे.

धाकट्यानं ते मनावर घेतलं. गेटवेच्या पोटात रास्पबेरी पाय ४ नावाचा छोटा संगणक आहे. त्याच्यावरच चर्पस्टॅक हे मुक्त सॉफ्टवेअर बसवून सगळा कारभार घरात आणला. इंटरनेट असेल तर एक प्रत बाहेर जाते, नसेल तर घरातलं काम थांबत नाही. गेटवे स्वतःचं वायफाय सोडतो, फोन त्याला जोडायचा, ब्राउझरमध्ये पत्ता टाकायचा, पाचही डब्या समोर. वेगळं ॲप लागत नाही. याचे त्यानं पैसे घेतले नाहीत, आणि आता तो नव्या गिऱ्हाइकांना पहिल्यापासून असंच करून देतो म्हणतो.

यात दोन खोड्या निघाल्या. त्या सांगायलाच हव्यात, कारण असा संच कुठूनही घेतलात तरी त्या तुमच्या वाट्याला येतील. अँड्रॉइड फोनला कळतं की या वायफायला इंटरनेट नाही. मग तो आपणहून मोबाईल डेटावर उडी मारतो, आणि तुम्हाला वाटतं गेटवे बंद पडला. जोडल्यानंतर थोड्या वेळानं वर एक सूचना येते, इंटरनेट नाही, तरी जोडून ठेवायचं का? तिला हो म्हणायचं आणि पुन्हा विचारू नकोस यावर खूण करायची. तरीही ऐकलं नाही तर तेवढ्यापुरता मोबाईल डेटा बंद. मामांच्या फोनवर हे तीनदा करावं लागलं.

दुसरी खोड घड्याळाची. रास्पबेरी पाय ४ ला बंद असताना चालणारं घड्याळ नसतं, वेळ तो इंटरनेटवरून घेतो. लाईट जाऊन आली आणि नेट नसलं की तो जुन्याच वेळेपासून पुढं मोजायला लागतो. एका सकाळी माझ्या पानावर मध्यरात्रीचे आकडे दिसत होते. पाणी कधी सोडलं आणि ओल चाळीस सेंटिमीटरवर कधी पोचली हे बघायचं तर वेळच चुकलेली. डीएस३२३१ नावाचं बटणसेलवरचं घड्याळ दोनेकशे रुपयांत मिळतं, ते बसवल्यावर प्रश्न मिटला. विकत घेताना विचारा, गेटवेत घड्याळ आहे का. या प्रश्नावर समोरचा अडखळला तर त्यानं रानात कधी संच चालवलेला नाही.

आणि मग झोप. या लेखाचं नाव ज्यावरून दिलं ती गोष्ट. फोनची आपल्याला सवय अशी की बटण दाबलं की लगेच काहीतरी झालं पाहिजे. डबी तशी नाही. ती अर्ध्या तासानं जागी होते, माती मोजते, निरोप पाठवते, त्यानंतर एक सेकंदानं क्षणभर कान उघडते, दोन सेकंदांनी पुन्हा एकदा, आणि झोपते. तुम्ही फोनवरून काही सांगितलं तर ते गेटवेत पडून राहतं. डबी स्वतः बोलल्यानंतरच्या त्या दोन क्षणांत ते तिच्या कानावर पडलं तर पडलं. एप्रिलमध्ये मला दोन नंबरची डबी अर्ध्या तासाऐवजी दहा मिनिटांवर आणायची होती. पानावर आकडा बदलला, दाबलं, काही होईना. पुन्हा दाबलं. अकरा वेळा दाबलं असेल. मग दुकानात फोन.

"बाई, ती झोपलीया. उठंपर्यंत दम धरा की."

"अरे, पण तुझ्या पानावर तसं लिहिलेलं कुठं आहे?"

लिहिलेलं नव्हतं. आणि दाबलेले अकराही हुकूम रांगेत जाऊन बसले होते, एका जागेपणी एक याप्रमाणं डबी ते घेत राहिली. दोन दिवसांनी दुपारी मी तो आकडा पुन्हा अर्ध्या तासावर आणला, तेव्हा हा अकरा हुकमांचा प्रकार मला त्यानं कागदावर काढून समजावला. आता बटणाखाली मराठीत ओळ येते: "निरोप ठेवला आहे. डबी ३:४० च्या सुमारास जागी होईल." एवढ्या एका ओळीनं या संचाचा वापर जेवढा सोपा झाला तेवढा सगळ्या रंगीत आलेखांनी मिळून झाला नाही. झोपणं हा डबीचा दोष नाही, तिचा सेल टिकतो तो झोपेमुळंच. दोष ती झोप लपवणाऱ्या स्क्रीनचा.

सेलचंही सांगते. आत ३.६ व्होल्टचा लिथियम थायोनिल क्लोराइडचा सेल आहे. दुकानाच्या कागदावर पाच वर्षं लिहिलंय. ते सरसकट खरं नाही. जवळची डबी भरभर बोलते, तिचा निरोप साठ-सत्तर मिलिसेकंदांत संपतो. लांबची, सिग्नल अशक्त असलेली डबी सावकाश बोलते, तोच निरोप तिला दीड सेकंद पुरतो. वीसपटीहून जास्त वेळ रेडिओ चालू, म्हणजे सेल तेवढा लवकर खाल्ला जाणार. नदीकडची पाच नंबरची डबी सुरुवातीला उणे ११८ डीबीएमवर (हे सिग्नलच्या जोराचं माप, शून्याच्या जेवढं जवळ तेवढा जोर जास्त) ऐकू यायची आणि सगळ्यात सावकाश बोलायची. स्लॅबवरचा अँटेना दहा फूट जीआय पाइप लावून उंच केला, तर तीच उणे १०९ वर आली आणि तिचं बोलणं आपोआप आटोपशीर झालं. पाइप आणि क्लॅम्प मिळून नऊशे रुपये. नवीन सेलांवर पैसे घालण्याआधी अँटेना उंच करा.

काही निरोप मात्र डबीच्या शेजारी उभं राहूनच द्यावे लागतात, म्हणजे पहिली जोडणी, जुनी नोंद काढून घेणं वगैरे. त्यासाठी डबीत ब्लूटूथही आहे, पण तेही झोपलेलं. झाकणावर एक टिंब आहे, तिथं चुंबक धरलं की ते दोन मिनिटं जागं होतं आणि फोनला दिसतं. जोतिबाच्या यात्रेत घेतलेलं, फ्रिजवर लावायचं एक चुंबक आता कायम माझ्या पिशवीत असतं. यासाठी लागणारं ॲप फोनचं लोकेशन चालू करायला सांगतं. शेजारच्यांनी विचारलं, आपण कुठं फिरतो हे दुकानदाराला कळणार काय? अँड्रॉइड ६ पासून ११ पर्यंतच्या फोनांत आसपासची ब्लूटूथ यंत्रं शोधायला लोकेशनची परवानगी लागतेच, हा त्या फोनांचा नियम आहे. १२ पासून वेगळी परवानगी आली. माझा फोन जुना आहे. काम झालं की मी लोकेशन बंद करते.

आकड्यांच्या खरेपणाबद्दल थोडक्यात. डब्या आल्या तेव्हा काळ्या रानात सगळीकडं ४० च्या पुढं टक्के दाखवत होत्या. मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत माती नेली, १०५ अंशांवर चोवीस तास वाळवली, आधीचं नंतरचं वजन घेतलं. काळ्या मातीत डबी सहा-सात टक्के जास्त सांगत होती, मळीच्या मातीत जवळपास बरोबर. दुकानानं काळ्या रानातल्या तिन्ही डब्यांना तशी दुरुस्ती लावून दिली. वाळवण न करता कुणी तुम्हाला "टक्के" सांगत असेल तर तो आकडा फक्त काल आणि आजची तुलना करायला वापरा. शिरोळकडच्या क्षारपड रानांत तर अशा स्वस्त सुया मातीतल्या मिठानंही फसतात, तिथल्या शेतकऱ्यांनी आधी एकच डबी घेऊन बघावी.

पैसे देण्याआधी मी एक गोष्ट मागून घेतली होती, तीही सांगते. प्रत्येक डबीची एक गुप्त किल्ली असते, १२८ बिटांची, बत्तीस अक्षरांत लिहिता येते. ती किल्ली ज्याच्याकडं, डबी त्याची. उद्या दुकान बंद पडलं, भावाभावांची वाटणी झाली, तर किल्लीशिवाय या पाचही डब्या नुसतं प्लॅस्टिक. थोरला आधी नको म्हणत होता, "तुम्हाला काय करायचंय त्याचं?" मी म्हटलं, घराची किल्ली गवंड्याकडं ठेवतोस का? मग त्यानं पाच ओळींचा कागद छापून, सही करून दिला. सातबारा ठेवते त्याच फाइलीत तो आहे.

पाण्याचा हिशोब माझ्या रानापुरता असा: फेब्रुवारी ते मे या काळात गेल्या वर्षीच्या मानानं मोटर प्रत्येक आठवड्याला एक पाळी कमी चालली. तीन नंबरची जागा, जिथं मी दरवर्षी "वाळतंय" म्हणून जास्त पाणी सोडायचे, तिथं चाळीस सेंटिमीटरवर कायम चिखल होता. वरचा थर वाळलेला बघून मी वर्षानुवर्षं मुळं बुडवत होते. फोनवरून मोटर चालू-बंद करायची सोयही हे लोक देतात, त्यासाठी स्टार्टरजवळ कायम विजेवर जागी राहणारी वेगळी डबी लागते. मी ती घेतली नाही. मोटरजवळ माणूस असतोच.

एक एकराखालच्या रानाला हा खर्च मी सुचवणार नाही. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून एक गेटवे घेतला तर गोष्ट वेगळी. आमच्या स्लॅबवरून बांधाला बांध असलेल्या चौघांची रानं सहज ऐकू येतील. त्याबद्दल आमचं बोलणं चालू आहे.

या पावसाळ्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी दुपारी आली आणि दुसऱ्या रात्री भोगावती मळीत शिरली. लाईट गेली, टॉवर गेला, रस्त्यावर पाणी. घरात इन्व्हर्टरवर एक दिवा आणि गेटवे एवढंच चालू ठेवलं. फोन गेटवेच्या वायफायला जोडून मी बसून होते. वरच्या तीन डब्या बोलत होत्या. रात्री साडेअकराला पाच नंबरची गप्प झाली, पावणेएकला चारची. पाणी डबीच्या वर गेलं की लहर बाहेर येत नाही, त्यामुळं मळीत पाणी किती चढलंय हे मला घरात बसून त्या दोन वेळांवरून कळलं. चौथ्या दिवशी पहाटे पाच वाजता चार नंबरच्या पुढचा "शेवटचा निरोप" बदलला. मामांना तिथनंच हाक मारली, पाणी उतरायला लागलंय.

चिखल तुडवत आम्ही तिसऱ्या प्रहरी गेलो. पाच नंबरच्या डबीत केबलच्या बुचातून पाणी शिरलं होतं, ती मेली. दुकानानं ती बदलून दिली, पैसे न घेता. चार नंबरचं झाकण पुसून मी टिंबावर चुंबक धरलं. फोन ओला, बोटं ओली, स्क्रीन ऐकेना. मामांनी टॉवेलानं पुसून दिला. जोडणी झाली आणि पुराच्या दिवसांतले सगळे आकडे एकेक करून वर यायला लागले. गप्प होती तरी तिनं मोजणं सोडलं नव्हतं. आणि त्यात दिसलं ते असं: चाळीस सेंटिमीटरवरची सुई आधी भरली होती, वीसवरची दोन तासांनी. नदी बांधावरून आत यायच्या आधीच पाणी खालून चढत होतं.

मामा स्क्रीनकडं बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे बांध उंच करून काय उपेग न्हाई बाई. चर खोल काढाय पायजे, नदीच्या अंगाला." तोड झाली की खोडव्याच्या आधी तेवढं काम करायचं ठरलंय.